छाप सोन्यावर, हिरा मात्र विश्वासावर

भंडारा जिल्ह्यात धानाचे चुकारे हाती पडले की लग्नसराईचे वेध लागतात आणि शेतकऱ्याच्या गाठीचा पैसा सराफाच्या पेढीकडे वळतो. पितळी भांड्यांसाठी ख्यातनाम असलेल्या भंडारा शहराला धातूची पारख नवी नाही. परंतु अलीकडे सोन्याच्या जोडीला हिराही दागिन्यांत येऊ लागला आहे आणि त्याच्यापुढे ही परंपरागत पारख थिटी पडते.

वास्तविक हिरा या मुलखाला परका नव्हे. वैनगंगेच्या खालच्या खोऱ्यातील, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडच्या हिऱ्यांचा उल्लेख ‘आईन-इ-अकबरी’त आढळतो. वराहमिहिराने तर सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त हिऱ्याच्या परीक्षेसाठी स्वतंत्र अध्याय लिहिला. परीक्षेचे शास्त्र जुने आहे; ते ग्राहकापर्यंत पोहोचले नाही, हे दुखणे आहे.

सोन्याच्या बाबतीत शासनाने काही व्यवस्था उभी केली. 16 जून 2021 पासून 256 जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि पुढे त्याची व्याप्ती टप्प्याटप्प्याने वाढली. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कमध्ये सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळखखूण अनिवार्य ठरली. 22 कॅरटच्या दागिन्यावर 916 हा आकडा असतो आणि ही खूण भारतीय मानक ब्यूरोच्या ॲपवर पडताळता येते. शुद्धता कमी भरल्यास फरकाच्या दुप्पट भरपाईची तरतूदही नियमांत आहे.

तथापि हा हॉलमार्क केवळ धातूविषयी बोलतो. त्यात जडवलेल्या खड्याविषयी तो मौन पाळतो. छाप पाहून निर्धास्त झालेला ग्राहक हिराही प्रमाणित झाला असे समजतो. गैरसमजाचे आणि फसवणुकीचे मूळ येथेच आहे.

हिऱ्याची प्रत वजन, रंग, निर्दोषता आणि पैलू या चार कसोट्यांवर ठरते. एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम आणि त्याचे 100 सेंट. एकच एक-कॅरटचा हिरा आणि एकेका सेंटच्या शंभर कण्या यांचे वजन सारखे, पण मोलात जमीन-अस्मानाचे अंतर. म्हणून नुसते ‘एक कॅरटचे हिरे’ असे सांगण्याला अर्थ नाही. रंगहीनतेची श्रेणी इंग्रजी ‘डी’पासून ‘झेड’पर्यंत उतरत जाते, आतील दोष दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहतात, आणि पैलू बेताल पडले तर वजनदार हिराही निस्तेज दिसतो.

त्यातच प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्याची भर पडली आहे. तोही कार्बनचाच असल्याने त्याला खोटा म्हणता येत नाही. मात्र त्याची किंमत बरीच कमी असते. तो खाणीतला म्हणून विकणे ही उघड लबाडी होय. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी उपकरणेच लागतात. घणाखाली हिरा फुटत नाही, ही समजूतही चुकीची. हिरा कठीण असला तरी तो ठरावीक दिशेने दुभंगतो.

शहरी श्रीमंताला हा तोटा सोसेल. ज्या घरात दागिना हीच अडीअडचणीची पुंजी आहे, तेथे तो जिव्हारी लागतो. तारणाचे मूल्य ठरवताना वित्तसंस्था सोन्याचेच मोल धरतात, खड्यांचे नव्हे. हिऱ्यासाठी मोजलेले हजारो रुपये पीक बुडालेल्या वर्षी उपयोगी पडत नाहीत, हे खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही.

तेव्हा ग्राहकाने पावतीचा आग्रह धरलाच पाहिजे. तीत सोन्याचे निव्वळ वजन व शुद्धता, खड्यांची संख्या व वजन, हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला, तसेच घडणावळ आणि परत घेण्याचा दर वेगवेगळा लिहिलेला असावा. मोठ्या हिऱ्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळेचा दाखला मागावा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगाचे दार उघडे आहे, पण पावतीवाचून तेथे काय सिद्ध करणार? शासनानेही खड्यांचा हा तपशील मराठीतून देणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे. सचोटीच्या सराफाला त्याची भीती वाटण्याचे कारण नाही. उलट त्याची पतच वाढेल.

सोनाराकडूनच कान टोचावेत, हे खरे; पण कानात काय घातले जात आहे, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे.