दलालाच्या शब्दावर किती दिवस?

भाव चढले की गुंतवणूकदार येतो, पडले की जातो. विश्वासाचा नियमांशी संबंध काय, असा युक्तिवाद बाजारात नेहमी होतो. त्याला पुरवणी अशी, की शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिला 1992 साली कायद्याचे बळ मिळूनही 2001 मध्ये केतन पारेख या दलालाचे भाव फुगवण्याचे प्रकरण घडले, 2009 मध्ये सत्यम कंपनीचे खोटे हिशेब उघडे पडले. मग नियमनाने साधले काय? यातला पहिला मुद्दा गर्दीलाच विश्वास समजतो. 1992 च्या आरंभी गर्दी अफाट होती. हर्षद मेहता या दलालाने बँकांचा पैसा शेअरमध्ये फिरवल्याचे उघड होताच ती पांगली. दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे, पण तो नियमनाकडून लबाडीच नाहीशी करण्याची अपेक्षा धरतो. ते कोणत्याच कायद्याला जमलेले नाही. लबाडाच्या हाती दुसऱ्याची मालमत्ता किती काळ राहते, हे मात्र नियमाने ठरवता येते.

कागदी शेअरच्या काळात सही जुळली नाही की हस्तांतर अडे, सर्टिफिकेट टपालात गहाळ होई, क्वचित बनावटही निघे. तोवर सारी भिस्त दलालाच्या शब्दावर. शेअरची नोंद संगणकावर ठेवणाऱ्या डिपॉझिटरींसाठीच्या 1996 च्या कायद्याने कागद हटवला, 2001 मध्ये सौदापूर्ती पुढे ढकलण्याची बदला पद्धत संपली, सौदापूर्ती 2003 मध्ये दोन दिवसांवर आणि जानेवारी 2023 मध्ये एका दिवसावर आली. दलालावर विसंबण्याचा अवधी असा घटत गेला. विश्वास वाढला तो यातून, असे माझे ठाम मत आहे. यावर कार्वी या दलाल कंपनीचा दाखला दिला जातो. तिने ग्राहकांच्या मुखत्यारपत्राचा गैरवापर करून त्यांचे शेअर गहाण टाकले, हे खरेच. पण नोव्हेंबर 2019 मध्ये सेबीचा आदेश निघाला आणि थोड्याच दिवसांत सुमारे 83 हजार ग्राहकांच्या खात्यांत शेअर परत आले, कारण मालकीची नोंद दलालाच्या वहीबाहेर, डिपॉझिटरीकडे होती. पुढच्या वर्षी नियमच बदलला : आता तारण दिलेला शेअर गुंतवणूकदाराच्याच खात्यात राहतो, त्यावर फक्त बोजा नोंदला जातो.

सेबीवर खरा आक्षेप घ्यायचाच तर तो फ्युचर्स-ऑप्शन्सबद्दल घ्यावा. 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत तेथे 93 टक्के वैयक्तिक व्यवहारकर्ते तोट्यात गेले, हे तिच्याच अभ्यासाने सांगितले. 10 पैकी 9 जण बुडतात, हा इशारा ब्रोकरांच्या संकेतस्थळांवर 2023 पासूनच झळकत होता. लोक तो वाचून पुढे जात राहिले. छोट्यांना आवर घालण्यासाठी निर्देशांकावरील कराराचा किमान आकार 15 लाख रुपयांवर न्यायला 2024 चा नोव्हेंबर उजाडला, आणि ही दिरंगाई छोट्या गुंतवणूकदाराला फार महाग पडली.