मर लागण्याआधीचा ट्रायकोडर्मा

ट्रायकोडर्मा ही मातीत आणि पिकांच्या मुळांवर वाढणारी मित्रबुरशी आहे. हरभरा, तूर, डाळिंब, केळी ही करमाळा तालुक्यातली पिके आणि त्या सगळ्यांना मर रोगाचा धोका. त्यावर ट्रायकोडर्मा वापरा, असे सगळेच सांगतात. प्रत्यक्षात त्याचा पुडा फुटतो तो झाडांनी माना टाकल्यावर. तोवर वेळ गेलेली असते.

हरभऱ्यात मर आणणारी फ्युजेरियम बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबवते. वाळलेल्या रोपाचे खोड उभे चिरले की आत काळपट तपकिरी रेघ दिसते. रोग आतपर्यंत पोचल्याची ती खूण; मग वरून कितीही आळवणी केली तरी ते रोप उठत नाही. पीक निघाल्यावरही या बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू रानात वर्षानुवर्षे टिकतात.

ट्रायकोडर्माचे काम मुळाच्या बाहेर चालते. तो रोगकारक बुरशीच्या धाग्यांना विळखा घालतो, विकरांनी त्यांची भिंत विरघळवतो आणि आतले अन्न शोषतो. १९३२ मध्ये रिचर्ड वाइंडलिंग यांनी रिझोक्टोनिया बुरशीवर हा परजीवीपणा दाखवून दिला. याशिवाय तो मुळाभोवतीची जागा आणि अन्न आधी बळकावतो. त्याचे काही वाण मुळाच्या बाह्य थरातही राहतात आणि पिकाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात. या सगळ्याला अट एकच, त्याने रोगाच्या आधी मुळाशी पोचायला हवे.

म्हणून खरी जागा बीजप्रक्रियेची. किलोभर बियाण्याला ४ ते ५ ग्रॅम भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून चोळायची, बियाणे सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. फळबागेत तो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून सावलीत मुरवावा आणि मग मुळाशी द्यावा. कोरड्या, सेंद्रिय खत नसलेल्या रानात तो तग धरत नाही. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकासोबत दिला, तर पैसे देऊन आणलेली मित्रबुरशीच मरते.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर कंदर, वांगी भागात ग्रँड नैन केळीच्या बागा आहेत. पनामा मर रोगाच्या जुन्या प्रकाराला हे वाण दाद देत नाही. पण बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळलेल्या ट्रॉपिकल रेस ४ या प्रकारापुढे त्याचा टिकाव लागत नाही. तिथे लखनौच्या केंद्रीय संस्थेने ट्रायकोडर्मा रीसीवर आधारित ‘फ्युसिकाँट’ तयार केले. करमाळ्याने मात्र पहिली काळजी घ्यावी ती रोगट कंद आणि माती बागेत न येऊ देण्याची. डाळिंबाची मर बहुधा सेराटोसिस्टिस या वेगळ्या बुरशीने येते. त्यामुळे आधी निदान, मग उपाय हाच क्रम ठेवावा.

शेवटचा प्रश्न पुड्याचा. प्रमाणित भुकटीत दर ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बीजाणू असावे लागतात. पत्र्याखालच्या गोदामात उन्हाळा काढलेल्या मालात ते उरतीलच असे नाही. घेताना नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत पाहावी. कृषी विभागानेही दुकानांतले नमुने पेरणीच्या तोंडावर तपासावेत. हंगाम संपल्यावर आलेला अहवाल शेतकऱ्याच्या कामाचा नसतो.