पूजा एक दिवस, निगा वर्षभर
दसऱ्याला झेंडूचा हार घालून गाडीची पूजा होते. तिची खरी सेवा मात्र पावसाळ्यात असते. लांज्याच्या जांभ्या मुलखातील तांबडा चिखल चाकांवरच्या पोकळीत साचतो, ओल धरून ठेवतो आणि रंग उडालेल्या जागी पत्रा गंजू लागतो. चिखल भरपूर पाण्याने धुणे, मऊ फडक्याने टिपणे, ओरखड्यावर वेळीच रंग लावणे ही कामे मालकाने स्वतः करण्यात कमीपणा कसला? स्वावलंबनाचा संस्कार मुले अशाच कामांतून घेतात.

मात्र हौसेला मर्यादा हवी. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. कर्कश सायलेन्सर हा पराक्रम नव्हे. स्वतःची गाडी जपणाऱ्याने महामार्गावरील पादचाऱ्याचा जीवही जपावा. तेव्हाच दसऱ्याची पूजा सार्थ होईल.