डीफॉल्ट: चालू की बंद?

परदेशात गेलेल्या आपल्या मंडळींचं एक आवडतं पालुपद आहे: "तिकडे लाइट एका फोनवर मिळते, आपल्याकडे चपला झिजतात." माझं गाव परभणीजवळचं पिंगळी, आणि पोटापाण्यासाठी काही वर्षं जर्मनीत काढली. दोन्हीकडचं मीटर पाहिलेला माणूस म्हणून सांगतो, हे पालुपद अर्धं खोटं आहे. उरलेलं अर्धं खरं आहे, पण भलत्याच कारणाने.

खोटं काय? जर्मनीत मी भाड्याने घेतलेल्या घरात तार होती, मीटर होतं. बदलायचं होतं फक्त नाव. पुण्यात भाड्याचा फ्लॅट घेतला तरी बटण दाबल्यावर दिवा लागतोच की! मोकळ्या प्लॉटवर नवं घर बांधलं तर तिकडेही जोडणीला आठवडे जातात, खिसाही हलका होतो. पिंगळीतल्या नव्या खोलीची तुलना करायची तर त्याच्याशी करा.

आता खरं काय ते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांत डीफॉल्ट नावाचा प्रकार असतो. कुणी काहीच निवडलं नाही तर काय व्हायचं, ते आधीच ठरलेलं. जर्मन कायद्यात हा डीफॉल्ट 'चालू' आहे. त्या भागात सर्वात जास्त घरांना वीज देणारी कंपनी ही तिथली मूळ पुरवठादार. तुम्ही दुसरी कंपनी निवडली नसेल तर दिवा लावलात की हिच्याशी करार झाला. मीटरवरचा आकडा टिपायचा आणि लगेच कळवायचं, बस्स. तिचा दर बहुधा महाग, पण दोन आठवड्यांची नोटीस देऊन सुटता येतं. भाषा धड न येणाऱ्या परक्या माणसालाही हे लागू!

आपला कायदा वाईट नाही, बरं का. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ४३ म्हणतं, मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने अर्ज केला की महिन्यात वीज द्या, नाहीतर दिवसाला हजार रुपयांपर्यंत दंड. लाइन वाढवावी लागली तर मुदत वेगळी. २०२४ साली केंद्राने ग्रामीण भागासाठी महिन्याचे १५ दिवस केले. मग घोडं पेंड कुठे खातं? २००७ च्या दुरुस्तीत. अर्ज म्हणजे सर्व बाबतीत पूर्ण अर्ज, पैसे भरल्याच्या कागदासकट. घड्याळ तिथून सुरू. आणि तो पूर्ण झाला हे ठरवणार टेबलापलीकडचा माणूस! नमुना ८ चा उतारा आणा, मालकाची संमती आणा, कोटेशन निघालं की भरा... तोवर दिवस मोजलेच जात नाहीत. डीफॉल्ट 'बंद'.

ज्याच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे, त्याने काय करायचं? तो तारेवर आकडा टाकतो. तिकडे आकडा टिपतात, इकडे टाकतात. आणि चोरीचं कलम १३५ काही कागद पूर्ण व्हायची वाट बघत नाही.

माझं म्हणणं एवढंच. अर्ज दिला की पोच, त्रुटी एकदाच आणि लेखी, ठरल्या दिवसांत नाही कळवल्या तर अर्ज पूर्ण समजा. तार दारापर्यंत आलेली असेल तिथे राहणाऱ्याला वीज आधी, मालकीचा वाद नंतर. बिल बुडायची भीती? प्रीपेड मीटर लावा, तशी सोय याच कायद्यात आहे.

असो. परक्या देशात मला उपऱ्याला जे न मागता मिळालं, ते पिंगळीत जन्मलेल्याला निदान मागून तरी वेळेत मिळावं.