प्रकाशन झाले, पुढे काय?

गेल्या महिन्यात आम्ही तीन पुस्तक प्रकाशनांना हजर होतो. शाल, पुष्पगुच्छ, नऊ वक्ते. पुस्तक वाचलेला त्यांत एखादाच. एका तरुण कवीने तर हॉलच्या भाड्यासाठी पतपेढीतून कर्ज काढले. प्रती खपल्या सात. त्यांतल्या दोन आम्हीच घेतल्या.

अशा वेळी आम्हाला दिल्लीचे २६, अलीपूर रोड आठवते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी मूळ इंग्रजीत, मधुमेह आणि पायांचे दुखणे सोसत लिहिला. छपाईला सुमारे २० हजार रुपये लागणार होते, ते झेपेनात. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले, सरकारने ५०० प्रती घ्याव्यात. उत्तर आले, तरतूद संपली आहे. बुद्धजयंतीच्या वेळी विक्रीला ठेवा. घटनेच्या शिल्पकाराला हे उत्तर! तरी लेखणी थांबली नाही. ५ डिसेंबरच्या रात्री त्यांनी प्रस्तावनेचे टंकलिखित कागद उशाजवळ मागवून घेतले. ग्रंथ १९५७ साली निघाला, तेव्हा ते हयात नव्हते.

आणि आम्ही? आमची कादंबरी चार वर्षे एकाच फुलस्केप वहीत अडून आहे. कचेरी सुटली की सभा, सभा संपली की दुसऱ्याची निमंत्रणपत्रिका. (तीही आम्हीच लिहायची, अक्षर चांगले म्हणून.) येत्या रविवारचे निमंत्रण मात्र आम्ही नाकारले. सकाळी दोन तास वही घेऊन बसणार आहोत. आयोजक रागावले आहेत. त्या कवीचे हप्ते अजून चौदा महिने चालतील.