ओहम पाहिलेत, वॅट पाहिलेत का?

विद्यार्थी मित्रहो, ध्वनिप्रवर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, जोडायला बसलात की तुम्ही रोधकावरचे रंगीत पट्टे वाचता. तपकिरी, काळा, नारिंगी म्हणजे १० किलोओहम, हे तुम्हांला तोंडपाठ असते. पण तो रोधक किती वॅटचा, असे विचारले तर? पट्टे ते सांगत नाहीत. माझ्या मते आपले शिक्षणही ते पुरेसे सांगत नाही.

रोधकातून धारा वाहिली की उष्णता निर्माण होते. धारेचा वर्ग गुणिले रोध, हे ज्यूलने १८४१ साली मांडलेले सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. ही उष्णता रोधकाला पृष्ठभागावाटे बाहेर टाकावी लागते. म्हणूनच एकाच जातीच्या रोधकांत जास्त वॅटचा रोधक आकाराने मोठा असतो.

आता हिशेब करू. प्रवर्धकाच्या पहिल्या टप्प्यातील १० किलोओहमच्या रोधकावर पूर्ण ९ व्होल्ट आले, तरी शक्ती ८१ ÷ १०,०००, म्हणजे सुमारे ०.००८ वॅट. तेथे पाव वॅटचा रोधक भरपूर झाला.

अखेरच्या टप्प्यात मात्र चित्र पालटते. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकाला २० वॅट द्यायचे, तर धारेचा वर्ग २० ÷ ८ = २.५. येथील दोन ट्रान्झिस्टरांच्या एमिटरला ०.४७ ओहमचा एकेक रोधक आहे असे समजा. ट्रान्झिस्टर आळीपाळीने अर्धे अर्धे आवर्तन सांभाळतात. म्हणून प्रत्येक रोधकाच्या वाट्याला २.५ × ०.४७ ÷ २, म्हणजे सुमारे ०.६ वॅट येतात. रोध अर्ध्या ओहमचाही नाही, पण पाव वॅटचा रोधक तेथे करपेल!

शिवाय, पूर्ण क्षमतेने चालणारा रोधक चांगलाच तापतो आणि बंद पेटीत उष्णता कोंडते. तेव्हा हिशेबाच्या निदान दुप्पट क्षमता घ्यावी. येथे २ वॅटचा रोधक योग्य.

‘मग सगळीकडे मोठेच रोधक लावा की!’ असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. जागा आणि पैसा वाया जातोच. पण त्याहून वाईट म्हणजे विचार करण्याचे टळते.

शिक्षकांना माझी विनंती आहे : प्रयोगवहीत रोधकाच्या ओहमशेजारी वॅटचाही रकाना आखून घ्या. आणि मित्रहो, तो रकाना भरल्याशिवाय सोल्डरिंगची इस्त्री तापवू नका.