सोमवारची बैठक ही वेठ नाही

थळमध्ये दर सोमवारी संध्याकाळी आम्ही सहा-सात जण वाजवायला बसतो. एक ट्रंपेट, एक क्लॅरिनेट, एक कीबोर्ड, एक बेंजो, एक ऑक्टोपॅड आणि कुणी आणली तर ढोलकी. लग्नाच्या बँडमधले दोघे, कोळीवाड्यातल्या बेंजो पार्टीतला एक, कंत्राटी कामावर जाणारा एक, एक शिक्षक आणि कीबोर्डवर मी. वाजवतो जॅझ, म्हणजे आम्हाला जमतं तेवढं. कुणी ऐकायला येत नाही, समोरचा खांदेरीचा दिवा तेवढा फिरत असतो.

गेल्या महिन्यात कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा मेसेज आला. आशय असा: ज्या बाजापायी आपले आजे-पणजे गावाच्या दारात उभे राहिले, तो बाजा त्यांनी स्वाभिमानाने टाकला. तुम्ही तो पुन्हा उचललात, तोही फुकटात, आणि तोही बंगलेवाल्यांचा. समाजमंदिर आम्हाला द्यायचं की नाही, हा विषय आता रविवारच्या बैठकीत आहे. बैठकीत मला दोन मिनिटं मिळतील, म्हणून इथे लिहितोय.

आधी कबूल करतो की काकांचा आक्षेप हलका नाही. 'तरुणांनी मजा केली तर काय बिघडलं' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

आमच्या घरात सनई होती. आजोबा खालूबाजात वाजवायचे. लग्न असो, पालखी असो, शिमगा असो, बोलावणं आलं की जायचं. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण ते बोलावणं नव्हतंच, तो हुकूम होता. बसायचं मांडवाच्या बाहेर, उठायचं वरात निघाली की, आणि जेवायचं सगळ्यांचं उरकल्यावर उरेल ते. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टं अन्न सोडायला सांगितलं. आमच्या घरात ते पोहोचायला वेळ लागला, पण पोहोचलं. धर्मांतरानंतर आजोबांनी बाजा सोडला आणि सनई माळ्यावर गेली.

एक गोष्ट मात्र मला आजीकडून कळली. म्हातारपणी रेडिओवर सनई लागली की आजोबा आवाज वाढवायचे, आणि दारात कुणी आलं की रेडिओ बंद करायचे.

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सनई टाकणं खरं, आणि आवाज वाढवणंही खरं. त्यांनी काय सोडलं? हुकूम सोडला, मांडवाबाहेरची जागा सोडली, उरलेलं ताट सोडलं. फुंकर सोडायची त्यांना इच्छा होती का, हे कुणी त्यांना विचारलं नाही. त्या काळात ते दोन वेगळे करता येत नव्हते, म्हणून दोन्ही गेले. आपण ते आज वेगळे करू शकत असू, तर का करू नये?

आता जॅझकडे येतो. हे संगीत बंगलेवाल्यांचं आहे असं वाटण्यात काकांची चूक नाही. शनिवारी मांडव्याच्या बोटीने येणाऱ्या पाहुण्यांच्या हिरवळीवरूनच ते इथे ऐकू येतं. पण ते जन्मलं न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वस्त्यांमध्ये, गुलामांच्या नातवंडा-पतवंडांच्या हातून. अंत्ययात्रेत, मिरवणुकीत आणि दारूच्या अड्ड्यात वाजवून पोट भरणारी माणसं होती ती. लुई आर्मस्ट्राँगला कॉर्नेटचे रीतसर धडे मिळाले ते काळ्या मुलांच्या सुधारगृहात. आणि जॅझची पहिली रेकॉर्ड 1917 मध्ये निघाली तेव्हा ती एका गोऱ्या बँडची होती! निर्मिती कुणाची आणि शिक्का कुणाचा, हे आपल्याला नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कॉटन क्लब नावाचं ठिकाण गाजलं. ड्यूक एलिंग्टनचा बँड 1927 पासून तिथे वाजवायचा. वाजवणारे काळे, नाचणारे काळे, आणि गिऱ्हाईक म्हणून प्रवेश गोऱ्यांना. वस्ती काळ्यांची असून ही तऱ्हा. मांडव वेगळा, रचना तीच.

पण त्याच हार्लेममध्ये मिंटन्स प्लेहाऊस हेही ठिकाण होतं. 1938 मध्ये हेन्री मिंटन नावाच्या काळ्या सॅक्सोफोनवादकाने ते सुरू केलं. 1940 च्या सुमारास तिथे सोमवारच्या रात्री भरू लागल्या. अपोलो थिएटरच्या कलाकारांना त्या रात्री जेवायला बोलवायचे. माणसं जेवायची आणि मग वाजवायला उभी राहायची. थेलोनियस मंक पियानोवर, केनी क्लार्क ड्रमवर, डिझी गिलेस्पी आणि चार्ली ख्रिश्चन येणारे-जाणारे. समोर नाचायला आलेलं गिऱ्हाईक नाही, त्यामुळे त्याच्या पायांना सोसेल अशी लय धरायची सक्ती नाही. हव्या त्या वेगाने, हव्या त्या सुरात वाजवा, जमलं नाही तर खाली उतरा. मालकाच्या मांडवात जे वाजवायला मिळालं नसतं, ते त्यांनी तिथे शोधून काढलं. जॅझचं अख्खं वळण तिथे बदललं.

आमचाही सोमवारच आहे, पण त्याचं कारण मिंटन्स नाही. बँडवाल्यांना शनिवार-रविवारी सुपाऱ्या असतात, सोमवारी नसतात. हार्लेमचा सोमवार मला नंतर वाचताना सापडला आणि मी एकटाच हसलो.

आता 'फुकट' हा मुद्दा. इथे काकांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, जी त्यांनी मांडलेली नाही. न्यूयॉर्कच्या वादकांच्या कामगार संघटनेलाही जॅम सेशन नको होतं. बिनपैशाने वाजवणाऱ्या सभासदाला दंड व्हायचा. संघटनेचं म्हणणं बरोबर होतं: आज तुम्ही हौसेने फुकट वाजवाल, उद्या क्लबमालक म्हणेल की हे फुकट वाजवतातच, पैसे कशाला? मिंटन स्वतः त्या संघटनेतला पहिला काळा प्रतिनिधी होता आणि त्याच्या वजनामुळे तिथे येणाऱ्यांना दंडाची भीती नसायची. म्हणजे हा वाद ऐंशी वर्षं जुना आहे, आणि ज्यांच्या पोटाशी तो निगडित होता त्यांनीच तो घातला. फुकट वाजवणं आणि वेठ यांतली रेघ बारीक आहे खरी. पण रेघ आहे.

ती कुठे आहे हे आम्हाला पावसाळ्याआधी कळलं. एका बंगल्यातून निरोप आला की तुम्ही जॅझ वाजवता असं ऐकलं, शनिवारी पाहुणे आहेत, येऊन मस्त जॅम करा, खाणं-पिणं आमच्याकडे. निरोप आणणारा माणूस चांगला होता, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आमच्यातल्या दोघांना जावंसं वाटलं. ट्रंपेटवाल्याने एकच प्रश्न विचारला: "जेवण कुठे बसून?" निरोप्याला प्रश्नच कळला नाही. आम्हाला कळला. मग आम्ही बँडचा नेहमीचा दर, अधिक येण्या-जाण्याचं भाडं, आणि जेवण पाहुण्यांसोबत, असं कळवलं. पुन्हा निरोप आला नाही.

दुसऱ्याच्या मांडवात वाजवायचं तर पैसे मोजून घ्यायचे, अर्धी रक्कम आगाऊ. त्यात संकोच नको, कारण ते काम आहे. आपल्या बैठकीत वाजवायचं तर पैशाचा प्रश्न नाही, कारण तिथे कुणी मालक नाही. वेठ ठरते ती हुकमावरून. पैसे मिळाले म्हणून वेठ थांबत नाही. आजोबांना चार आणे मिळायचेच की.

ही बैठक चालते कशी, तेही सांगतो. बहुतेक वेळा आम्ही बारा बारचं ब्लूज घेतो. तीन कॉर्ड, ठरलेलं आवर्तन, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. आधी सगळे मिळून धून वाजवतात. मग एकेकाला आवर्तनं मिळतात, त्यात त्याने त्याला सुचेल ते बोलायचं. बाकीच्यांनी गप्प बसायचं नाही आणि वरचढही व्हायचं नाही, त्याला खालून धरून ठेवायचं. जलशातले झीलकरी जे करतात तेच. बेंजोवाल्याला पहिले दोन महिने स्वतःची आवर्तनं घेताच यायची नाहीत. पाळी आली की तो पाठ असलेली लग्नाची गाणी वाजवायचा. एका सोमवारी तो मध्येच थांबला, चार बार काहीच वाजवलं नाही, आणि मग एक वेडावाकडा तुकडा काढला, जो कुठल्याही गाण्यातला नव्हता. क्लॅरिनेटवाला वीस वर्षं बँडमध्ये आहे. तो म्हणाला, "मला आजवर कुणी सांगितलंच नाही की तुला काय वाजवायचंय ते वाजव." वीस वर्षं!

काही तरुण मित्र म्हणतील की मग आपल्याच भीमगीतांचं काय वाईट? काहीच नाही. आमच्यातले तिघे जयंतीला भीमगीतांच्याच कार्यक्रमात असतात. पण आपला जलसा तरी कुठून आला? भीमराव कर्डक आणि त्यांच्या पिढीने तमाशाचा घाट उचलला आणि आतला मजकूर बदलला. त्यांनी असं नाही विचारलं की हा घाट कुणी नासवला होता. दलित पँथरने 1972 मध्ये ब्लॅक पँथरचं नाव घेतलं, तेही परकं म्हणून बाजूला ठेवलं नाही. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'ने गाना, रॅप आणि रॉक एकत्र करून जातीवर थेट गाणी केली. मात्र 'दलित म्हणजेच काळे' हे समीकरण मला फार सोपं वाटतं. भिंतीवर पोस्टर लावायला ते पुरतं, त्याने कॉर्ड शिकून होत नाही.

आणि जॅझ इथे नवीनही नाही. 1935 मध्ये लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा बँड मुंबईच्या ताजमध्ये आला. त्यांच्याकडून गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी उचललं. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला अल्दोनाचा ट्रंपेटवादक त्यांतलाच. तो सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात आला आणि 1951 च्या 'अलबेला'त ती वाजवण्याची पद्धत घरोघर पोहोचली. 'शोला जो भडके' आपल्या वरातीत आजही वाजतं. संगीतकाराचं नाव पडद्यावर येतं, फुंकणाऱ्याचं येत नाही, हा जुना हिशेब. पण न्यू ऑर्लिन्सची फुंकर थळच्या वरातीत कधीच येऊन बसली आहे. बंगल्यांच्या आधी!

आमच्या बैठकीतली एक उणीव काकांच्या मेसेजमध्ये नाही, ती मीच लिहितो. नर्सिंग शिकणारी एकच मुलगी येते, ती गाते, आणि साडेआठला उठून जाते, कारण घरी विचारतात. खरी रंगत तर त्यानंतर येते. वेळ आधी घ्यायची सूचना तिने दोनदा केली आणि आम्ही दोनदा 'बघू' म्हणालो. समाजमंदिर मिळालं तर सहाला सुरू करता येईल. रात्री किनाऱ्यावर तिला थांबवा असं तिच्या घरच्यांना सांगायची माझी हिंमत नाही. वस्तीच्या मधोमध, उजेडात, दार उघडं ठेवून बसणं वेगळं. जागा मागण्यामागचं माझं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे.

'चळवळीचा वेळ' हा शब्दही मेसेजमध्ये होता. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले. ज्या माणसाच्या दिवसात एक मिनिट मोकळं नव्हतं, त्याने सूर घोटण्यासाठी वेळ काढला. कुठल्या सभेत वाजवायचं म्हणून नाही, कुणाचं प्रबोधन करायचं म्हणून नाही. चळवळीला त्याचा काय उपयोग झाला, हे कुणी मोजलेलं नाही.

रविवारी ठराव होईल तो होईल. काकांना मी फोन करून सांगितलंय की मतदानाआधी एक सोमवार येऊन बसा. त्यांनी विचारलं, बसून काय करू? मी म्हटलं, ढोलकीवाला सध्या मुंबईला कामाला असतो, ढोलकी रिकामी आहे. ते काही बोलले नाहीत. फोनही ठेवला नाही लगेच.